बंड्या लांब गेलेला नाही, गप्प बसला आहे

पत्र :

नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली म्हणून गेल्या शनिवारी आम्ही सव्वा किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात आलो. आमचा बोका बंड्या चार वर्षांचा आहे. तांबूस-पिवळा, नसबंदी झालेला, पूर्ण घरातला. जुन्या घरी फार तर जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून परत यायचा. रविवारी संध्याकाळी गॅसचा माणूस आला होता, सामानाची ने-आण चालू होती, दार मी उघडं ठेवलं आणि बंड्या बाहेर गेला. आज पाचवा दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही खाली फिरून हाका मारतो. व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, तर एकाचा फोन आला, 'मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार पाठवा.' सासूबाई म्हणतात, मांजर कुठे जात नाही, येईल आपोआप. हे म्हणतात, मांजर माणसाचं नसतं, घराचं असतं. तो जुन्या बिल्डिंगकडेच गेला असणार. आणि तिथे पुढच्या आठवड्यात पाडकाम सुरू होतंय. माझा अकरा वर्षांचा मुलगा धड जेवत नाही, माझ्याशी बोलत नाही. शोधणं थांबवावं का? त्याच्यासाठी दुसरं पिल्लू आणावं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

ताई, तुमच्या आधीची पाच-सहा पत्रं रांगेत आहेत. एक सुनेबद्दल, एक भाडेकरूबद्दल, दोन लग्नाची. त्या सगळ्यांना आठवडाभर थांबता येईल, बंड्याला येणार नाही. म्हणून आज आधी तुमचं.

शोधणं थांबवू नका. खरं सांगायचं तर तुमचं शोधणं अजून सुरूच झालेलं नाही. रागावू नका. पाच दिवस तुम्ही हाका मारताय, आणि हाका मारणं वेगळं, शोधणं वेगळं. हाकेला ओ देण्याच्या मनःस्थितीत बंड्या नाही.

त्याच्या बाजूने बघा. चार वर्षं एकच घर, त्याच खिडक्या, तेच वास. शनिवारी त्याला पिशवीत किंवा पिंजऱ्यात कोंबून टेम्पोत घातलं. उघडलं तेव्हा सगळं परकं. चोवीस तास होतात न होतात तोच एक अनोळखी माणूस पाने आपटत घरात शिरला, आणि दार उघडं होतं. तो हौसेने फिरायला गेलेला नाही, घाबरून सुटलेला आहे. असं मांजर पळतं ते पहिला आडोसा मिळेपर्यंत. तिथे अंग चोरून बसतं आणि आवाज म्हणून काढत नाही, कारण आवाज केला तर कुत्र्याला किंवा दुसऱ्या बोक्याला पत्ता लागतो. मालकीण चार हातांवर उभी राहून रडवेल्या आवाजात हाका मारत असली तरी ते गप्पच राहतं. माणसाला हा कृतघ्नपणा वाटतो. मांजराच्या हिशेबात ते शहाणपण आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझी ढमी नावाची भाटी अशीच गेली. नऊ दिवस मी पुढच्या चौकापर्यंत, मागच्या मंडईपर्यंत, अगदी नदीच्या पुलापर्यंत फिरले. घसा बसला. नवव्या रात्री शेजारच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाने जिन्याखालच्या भंगारात, जुन्या कूलरच्या मागे, दोन डोळे चमकताना बघितले. आमच्या दारापासून ती जागा वीस पावलांवर होती. रोज मी त्याच जिन्यापाशी उभी राहून 'ढमे, ढमे' करत होते. एकदाही वाकले नव्हते.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. २०१८ साली 'अ‍ॅनिमल्स' या शास्त्रीय नियतकालिकात हरवलेल्या १,२१० मांजरांच्या मालकांना विचारून केलेला एक अभ्यास छापून आला. प्रश्नावली ऑनलाइन होती आणि त्यात डोंबिवलीची मांजरं काही नव्हती, तेव्हा दशांश चिन्हापर्यंत विश्वास ठेवू नका. पण चित्र स्पष्ट आहे. सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे पाऊणशे टक्के, म्हणजे चारातली तीन, जिथून सुटली तिथून अर्ध्या किलोमीटरच्या आतच मिळाली. एकूण मांजरांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांत मिळाली, आणि वर्षभरात ६१ टक्के. नव्वद दिवसांनंतर मिळालेली मात्र अगदी थोडी. प्रत्यक्ष फिरून, हुडकून शोधलेली मांजरं जिवंत मिळण्याची शक्यता जास्त दिसली. सासूबाईंना हे शेवटचं वाक्य जरूर वाचून दाखवा. पूर्वीच्या वाड्यांत, चाळींत मांजर अर्धं बाहेरच राहायचं, त्याला गल्ली पाठ असायची, ते खरंच आपोआप यायचं. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण बंड्याने ती गल्ली कधी पाहिलेलीच नाही.

आता सुरुवात घरातून. हसू नका. 'दार उघडं होतं आणि मांजर दिसत नाही' यावरून आपण 'मांजर बाहेर गेलं' असं ठरवतो. त्याला जाताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? पत्रात तसं लिहिलेलं नाही. तुमच्या घरी अजून न उघडलेले खोके असतील. दिवाणाच्या पोटात, वॉशिंग मशीनच्या मागे, फ्रिजच्या मागच्या उबेला, पोटमाळ्यावरच्या गाद्यांच्या वळकटीत, सोफ्याच्या खालचं कापड फाटलं असेल तर सोफ्याच्या आतसुद्धा बघा. रात्री जमिनीवर थोडं पीठ भुरभुरवून ठेवा, एका वाटीत खाणं ठेवा. सकाळी पावलं उमटलेली दिसली तर बाकीचा लेख वाचायची गरज नाही.

घरात नसेल तर इमारत, आणि इथे एक गोष्ट माणसांच्या लक्षात येत नाही. नव्या इमारतीत बंड्याला आपलं दार कुठलं ते माहीतच नाही. सगळे मजले सारखे, सगळे जिने सारखे. तो दोन मजले वर गेला असेल आणि तिथल्या तशाच दिसणाऱ्या दारापाशी बसला असेल. मांजर घाबरलं की खालीच जातं असं नाही, वरही चढतं. म्हणून गच्चीपासून सुरुवात करा. पाण्याच्या टाकीखाली, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, सोलरच्या पत्र्यांखाली. मग एकेक मजला उतरत या. जिन्यातल्या बंद सायकली, चपलांची कपाटं, कुणी बाहेर काढून ठेवलेलं जुनं टेबल. मीटरची खोली, पंपाची खोली, लिफ्टचा खड्डा. डक्ट मात्र नीट बघा. आपल्याकडच्या इमारतींत संडास-बाथरूमच्या पाइपांची जी चिंचोळी विहीर असते, तिच्यात पडलेली मांजरं दिवसेंदिवस कुणाला दिसत नाहीत. तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी बाथरूमच्या खिडकीतून टॉर्च मारावा लागेल. तेवढी ओळख अजून झालेली नसेल, पण ओळख व्हायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

प्रत्येक दाराची बेल वाजवा आणि 'आमचं मांजर पाहिलंत का' असं विचारू नका. त्याला उत्तर 'नाही' हेच येतं. 'तुमच्या बाल्कनीत, पलंगाखाली, माळ्यावर एकदा बघू देता का, रविवारी संध्याकाळी तुमचं दार उघडं होतं का' असं विचारा. कुलूपबंद फ्लॅट कुठला आहे, कुठे रंगकाम चालू आहे, कुणी रविवारी गावाला गेलं, हे सेक्रेटरींकडून काढा. माणसं निघायच्या गडबडीत मांजर आत शिरतं आणि कुलूप लागतं. तसं असेल तर किल्ली कुणाकडे आहे हे शोधून आजच ते दार उघडवा.

सीसीटीव्हीही आजच. बऱ्याच सोसायट्यांत जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. रविवारी संध्याकाळचं गेट आणि जिना एवढं बघा. तो गेटमधून बाहेर पडलेला दिसला नाही, तर अर्ध्याहून जास्त काम झालं.

आता रात्रीचं. हा भाग नीट वाचा, कारण बंड्या मिळाला तर बहुधा इथेच मिळेल.

मांजर संधिप्रकाशातलं जनावर. दिवसा रिक्षा, मुलं, कुकरच्या शिट्ट्या, कुत्री. दडलेलं मांजर हलतं ते सगळं निजल्यावर. रात्री दीड-दोन ते पहाटे चारची वेळ गाठा. वॉचमनला आणि सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन वाजता गाड्यांखाली टॉर्च मारणारी नवी भाडेकरीण म्हणून तुमची वेगळीच कीर्ती होईल. चांगला टॉर्च घ्या, मोबाइलचा पुरत नाही. तो कमरेशी धरू नका, डोळ्याच्या बाजूला, गालाला टेकवून धरा. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. उजेड जिथून येतो तिथेच तो परत फेकतो. टॉर्च आणि तुमचा डोळा एका रेषेत असेल तरच ती हिरवट-पिवळी चमक तुम्हाला दिसते. मग अक्षरशः पोटावर झोपा. गाडीखाली, चाकावर, बोनेटच्या आत, कुंपणाच्या भिंतीमागे, ड्रेनेजच्या झाकणाच्या फटीत, जनरेटरमागे, तळमजल्याच्या एसीच्या बाहेरच्या युनिटखाली. एका जागी दहा मिनिटं गप्प बसा, मग पुढची जागा. हाका नको. बोलायचंच असेल तर घरात त्याच्याशी बोलता तशा हळू आवाजात काहीही बोलत राहा. त्याचा जेवणाचा डबा वाजवायची सवय असेल तर तो एकदाच वाजवा.

पावसाचे दिवस आहेत. त्याचा तोटा हा की वास धुऊन जातो. फायदे दोन. त्याला पाणी मिळतंय, आणि पाच दिवस काढताना खाण्यापेक्षा पाणी जास्त लागतं. दुसरा असा की कोरड्या जागा मोजक्याच असतात. धो-धो पाऊस पडून गेल्यावर खाली जा आणि आवारात कुठे कुठे कोरडं राहिलंय ते बघा. तेवढ्याच जागा शोधायच्या आहेत.

खाण्याचं आमिष. सुकट किंवा सुका जवळा तव्यावर भाजा. नव्या शेजाऱ्यांत कुणी शुद्ध शाकाहारी असतील तर ते बोलतील, बोलू द्या. तो वास जिथे पोचतो तिथे तुमची हाक पोचत नाही. पण वाटी ठेवून निघून जाऊ नका. गल्लीतले चार बोके येऊन ताव मारतील आणि बंड्या आणखी आत सरकेल. वाटीपासून पंधरा-वीस फुटांवर स्वतः बसा. त्याची न धुतलेली चादर किंवा तुमचा वापरलेला गाऊन जिन्यात, तुमच्या दाराच्या बाहेर टाका, आणि रात्री दार हातभर उघडं ठेवून आत कुणीतरी जागं राहा. त्याची शी-शूची, माती घातलेली ट्रे बाहेर ठेवा असा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे मिळेल. मला तो पटत नाही. ती ट्रे हुंगायला आधी बाहेरचे बोके येतात, आणि बंड्या ज्यांना भिऊन बसलाय ते हेच.

दिसला तर? इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आनंदाने ओरडून त्याच्याकडे धावू नका. पळाला तर पुन्हा शून्यापासून. जिथे आहात तिथेच, त्याच्याकडे अर्धी पाठ करून खाली बसा. थेट डोळ्यांत बघू नका, बघितलंत तर डोळे हळू मिटा. खाणं आपल्याकडे थोडं थोडं ओढत या. तास लागला तर तास. जवळ आला की मानेची कातडी आणि मागचं अंग धरून मोठ्या टॉवेलात गुंडाळा, तोंडसुद्धा झाका, आणि लगेच पिंजऱ्यात. कडेवर उघडा घेऊन जिना चढू नका. तो तुम्हाला ओळखणार नाही असंही होईल. चावला किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. 'आपलाच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका. पाच दिवसांत त्याला कोण चावलंय ते आपल्याला माहीत नाही.

तो दिसतोय पण हाती लागत नाही, अशी वेळ आली तर सापळ्याचा पिंजरा लावतात. तुमच्या भागात रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या, त्यांची नसबंदी करून घेणाऱ्या बायका-मुली असतातच. त्यांना 'फीडर' म्हणतात. रात्री दहा-अकराला स्कूटरवर पिशव्या घेऊन फिरताना दिसतील. पिंजरा बऱ्याचदा त्यांच्याकडे असतो किंवा कुठल्या संस्थेकडून आणायचा ते त्यांना ठाऊक असतं. शिवाय त्यांना गल्लीतलं प्रत्येक मांजर तोंडपाठ असतं. कानाचं टोक कापलेलं म्हणजे नसबंदी झालेलं रस्त्यावरचं मांजर, आणि कान अख्खा असलेला नवा तांबूस बोका त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पिंजरा लावला तर कापडाने झाका आणि नजरेआड करू नका. पावसात अडकून पडलेलं मांजर मरू शकतं.

आता तुमच्या ह्यांच्या म्हणण्याकडे येते. 'कुत्रं माणसाचं, मांजर घराचं' हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हणत आलेत आणि ते निव्वळ टाकाऊ नाही. १९२२ साली फ्रान्सिस हेरिक नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने पिल्लं असलेल्या एका मांजरीला झाकून काही मैलांवर नेऊन सोडलं, पुन्हा पुन्हा सोडलं, आणि ती घरी परत येत राहिली. फार लांब सोडल्यावर मात्र आली नाही. २०१२च्या अखेरीस फ्लोरिडात हॉली नावाची मांजरी प्रवासात हरवली आणि दोन महिन्यांनी सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या आपल्या गावात मरणासन्न अवस्थेत पोचली. अंगात मायक्रोचिप होती म्हणून ती हॉलीच आहे हे कळलं. तेव्हा सव्वा किलोमीटर अशक्य नाही.

पण अशा गोष्टी बातमी होतात त्या दुर्मीळ असतात म्हणूनच. गाडीखाली सापडलेल्या मांजराची बातमी होत नाही. जिन्याच्या दोन पायऱ्यांपलीकडे जग न पाहिलेल्या बंड्याने पाच दिवसांत दोन रहदारीचे रस्ते ओलांडले असतील यापेक्षा तो नव्या आवारात दडला असेल हे जास्त शक्य आहे. म्हणून वेळेचे चार वाटे करा. तीन नव्या इमारतीला आणि तिच्या लगतच्या दोन-तीन आवारांना, एक जुन्या इमारतीला. तो एक वाटा तुमच्या ह्यांनाच द्या. त्यांचा अंदाज आहे, त्यांनी निभवावा.

आणि त्या बाबतीत घाई खरंच आहे, कारण पाडकाम. आजच साइटवर जाऊन सुपरवायझरला भेटा, पत्र्याच्या आतल्या वॉचमनला चहा पाजा, बंड्याचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये टाका. रात्री मुक्कामाला तोच असतो, कंपनीचा साहेब नसतो. तुमच्या जुन्या दाराशी, छपराखाली खाणं आणि पाणी ठेवा, शेजारी एखादा जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून ठेवता आला तर उत्तम. सकाळी वाटी कुणी रिकामी केली ते कळेल. सेक्रेटरींमार्फत बिल्डरला दोन ओळींचा लेखी अर्ज द्या, की यंत्र लावण्याआधी अर्धा तास आम्हाला विंगमधून फिरून बघू द्यावं. बंद इमारतीत इतर मांजरींनी पिल्लं घातलेली असण्याचाही संभव असतो, तेही अर्जात लिहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६०चा कायदा आहे, पण पहिल्या भेटीत कायदा काढू नका. गोडीत काम होतं, आणि नाहीच झालं तर कायदा कुठे पळून जात नाही. जुन्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आणि तुमच्या दारावर येणाऱ्या कोळणीकडे नंबर देऊन ठेवा. बंड्या जुन्या गल्लीत आला तर पहिल्यांदा कोळणीच्या पाटीपाशी दिसेल.

पत्रकाबद्दल. कागदावर मोठ्या अक्षरात 'मांजर हरवले आहे', खाली एकच स्पष्ट रंगीत फोटो, तांबूस-पिवळा बोका, फोन नंबर. बस. चालत्या रिक्षातून वाचता यायला हवं. पत्ता घालू नका, 'मुलगा जेवत नाही' हेही नको. प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावा, पावसाळा आहे. विजेच्या खांबांवर, सरकारी भिंतींवर चिकटवू नका, त्याविरुद्ध १९९५पासून कायदा आहे आणि पालिकेने फाडलं तर मेहनत वाया. त्यापेक्षा सोसायट्यांचे नोटीसबोर्ड, किराणा, दूधकेंद्र, इस्त्रीवाला, औषधाचं दुकान, जवळचा प्राण्यांचा दवाखाना. त्यातही पेपर टाकणारा पोरगा, दूधवाला आणि झाडू मारणाऱ्या ताई यांना तोंडी सांगा. पहाटे पाचचं डोंबिवली त्यांनाच दिसतं.

त्याच ताईंना एक प्रश्न विचारावा लागेल, तो मुलाला बरोबर न घेता विचारा. रविवारनंतर आसपास मेलेलं मांजर उचललं का, कोणत्या रंगाचं होतं. विचारणं जड जातं. पण न विचारता महिनाभर रोज रात्री जिना उतरणं त्याहून जड आहे. जखमी होऊन कुणी उचललं असेल तर जवळच्या दवाखान्यांत चौकशी करा, ठाण्या-मुंबईकडच्या प्राणिसंस्थांना फोन करा, परळच्या बैलघोडा हॉस्पिटललाही.

दोन हजार मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका. हा नेहमीचा धंदा आहे. फोटो स्टेटसवरून उचलायचा आणि रडणाऱ्या माणसाला फोन करायचा. यापुढे बंड्याची एक खूण कुणालाही सांगू नका. पोटावरचा पांढरा ठिपका म्हणा, शेपटीचं वाकडं टोक म्हणा, जे असेल ते. फोन आला की ती खूण विचारा आणि मांजराचा आत्ताचा व्हिडिओ मागा. ज्याच्याकडे खरंच मांजर असतं तो पैशाआधी 'लवकर या हो, हे पडदे फाडतंय' म्हणतो.

मिळाल्यावर एकदम बशीभर मासे पुढे ठेवू नका. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी द्या, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवाच, अंगावर ओरखडा नसला तरी. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून ते अचानक आजारी पडू शकतं, गुबगुबीत असेल तर जास्तच. आठवडाभर एकाच खोलीत ठेवा. त्याची ट्रे, पाणी, चादर, आणि तुमच्यापैकी कुणीतरी झोपायला. खरं तर शनिवारीच हे करायला हवं होतं, पण टेम्पोच्या दिवशी कुणाला सुचतं? बाल्कनीला जाळी लावून घ्या, घरमालकाला नंतर सांगा. मायक्रोचिप बसवायची असेल तर जरूर बसवा, मात्र तिच्यावरून मोबाइलवर मांजर कुठे आहे ते दिसत नाही. तो फक्त कातडीखालचा पंधरा आकडी क्रमांक असतो, वाचायला यंत्र लागतं. गळ्यात नंबर लिहिलेला पट्टा जास्त कामाचा, ओढला की सुटणारा घ्या, नाहीतर ग्रिलला अडकून फास बसतो.

दुसऱ्या पिल्लाचं आत्ता नको. घरात परक्या मांजराचा वास आला तर दारापर्यंत आलेला बंड्या माघारी फिरेल. आणि मुलाला त्याचा अर्थ असा लागेल की आई बंड्याला विसरली.

मुलाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय हे कळतंय. दार तुमच्याकडून उघडं राहिलं. सामान, गॅस, सासूबाई, स्वयंपाक, हे सगळं एका वेळी चालू असताना राहिलं, तरी राहिलं. त्याला हे तुमच्या तोंडून सरळ ऐकू द्या : 'दार माझ्याकडून उघडं राहिलं, माझं चुकलं.' कारणं जोडू नका. 'येईल रे' असं खोटं आश्वासनही नको, त्याला ते पाच दिवसांपासून कळतंय. त्याला काम द्या. पत्रक त्याला बनवू द्या, फोटो त्यालाच निवडू द्या, आवाराचा नकाशा काढून कुठली जागा बघून झाली त्यावर फुली मारायचं काम त्याचं. अकरा वर्षांचं पोर अजून सहज गाडीखाली सरकतं, आपल्याला गुडघे मोडावे लागतात.

आज रात्री दोनचा गजर लावा आणि त्यालाही उठवा. उद्याची शाळा बुडाली तर बुडू दे. टॉर्च त्याच्याकडे, टॉवेल आणि पिंजरा तुमच्याकडे, जवळ्याची वाटी पायरीवर. गच्चीवरून सुरुवात करा, आणि खाली पोचाल तेव्हा गॅसच्या माणसाने रविवारी स्कूटर जिथे लावली होती त्या कोपऱ्यापासून बघायला लागा.